स्फुरद, दादा आणि कापलेला अर्धा गुण
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडे सावरले आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली, तर एआयवर बोल. पंधरा मिनिटं." मी हो म्हटलं. मग आपल्या ग्रुपवर गेल्या महिनाभरात काय काय चाललंय ते वाचत बसले. एआयवर एकच मेसेज होता, तोही कुणीतरी पुढे ढकललेला. डीएपी कुठल्या दुकानात मिळतंय, कुणाला किती पोती मिळाली, सोबत काय गळ्यात मारलं, यावर मात्र एकशे चाळीस. तेव्हा मी विषय बदलला. मी आज खतावर बोलणार आहे. मागच्या बाकांवरून हसू येतंय ते ओळखीचं आहे, तीस वर्षांत बदललेलं नाही.

बाई, तुमच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात दोन बाटल्या शेजारी शेजारी होत्या. एकीत रॉकेलमध्ये बुडवलेला सोडियम आणि दुसरीत पाण्यात ठेवलेला पांढरा फॉस्फरस. 'शास्त्रीय कारणे लिहा' मध्ये यातला एक प्रश्न हमखास. सोडियम पाण्यात पेट घेतो म्हणून रॉकेलमध्ये, फॉस्फरस हवेत पेट घेतो म्हणून पाण्यात. दोन गुण खिशात. त्या बाटलीतला फॉस्फरस आणि कार्यानुभवाच्या तासाला शाळेच्या बागेत आपण मुठीने फेकायचो ते राखाडी सुपर, यांचा काही संबंध आहे हे मला तेव्हा कळलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यानंतरही पंचवीस वर्षं कळलं नाही. आप्पा त्याला स्फुरद म्हणायचे, पुस्तक फॉस्फरस म्हणायचं. माझ्या डोक्यात ती दोन वेगवेगळी माणसं होती.

नोकरीत मला एक काम आलं. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियामध्ये दूधधंदा करणाऱ्या शेतकऱ्यांसाठी खताचं नियोजन सांगणारं सॉफ्टवेअर. पुण्यात बसून, पहाटे साडेपाचच्या मीटिंगा करून, आम्ही अडीच वर्षं ते बांधलं. तिकडे कुरणं असतात. गाई दिवसभर त्यात चरतात. कुरणाच्या प्रत्येक तुकड्यातली माती तपासायची, आकडे नकाशावर रंगवायचे, आणि कुठे किती फॉस्फरस टाकायचा ते सांगायचं. सगळ्या नकाशांत एकच चित्र दिसायचं. दूध काढायच्या शेडजवळचे, फाटकाजवळचे, शेणपाणी सोडतात त्या बाजूचे तुकडे लालभडक, म्हणजे गरजेपेक्षा जास्त फॉस्फरस. लांबचे, चढावरचे तुकडे फिके. कारण साधं आहे. गाय लांब चरते आणि शेण जवळ टाकते. वर बाहेरून विकत आणलेल्या खाद्यातून आणखी फॉस्फरस येतो, तोही गोठ्याच्या आसपासच साठतो. दुधातून बाहेर जातो किती? हजार लिटरमागे साधारण एक किलो. बाकी तिथेच. तरीही शेतकरी सवयीने दरवर्षी सगळीकडे सारखं सुपर उडवत असे, काही ठिकाणी तर विमानातून. आमचं सॉफ्टवेअर त्याला सांगायचं की बाबा, इथे यंदा काहीच टाकू नकोस, तिथे टाक.

मी हे काम फार अभिमानाने केलं. आणि त्याच अडीच वर्षांत दर जूनमध्ये दादाचा फोन आला की, "खताला पैसे कमी पडतायत," मी गूगल पे करून मोकळी व्हायचे. किती पोती, कुठल्या रानाला, कशासाठी, एकदाही विचारलं नाही. दादा याच शाळेचा, आपल्या पुढे तीन वर्षं. सरांना तो आठवत असेल, सरांच्या छड्या त्याला आठवतात. आप्पा गेल्यावर मी हक्कसोडपत्रावर सही केली, तेव्हापासून शेतात काय चालतं हे विचारायचा आपला अधिकार संपला, असं मीच मनाशी ठरवून टाकलं होतं. त्याने तसं कधी म्हटलं नव्हतं.

मग एका जूनमध्ये तो वैतागून बोलला. दुकानात डीएपी आहे, पण पोत्यामागे कसलीशी बाटली घ्यावीच लागेल म्हणतायत. मी पहिल्यांदाच विचारलं, "पोती किती लागतात?" म्हणाला, "विहिरीकडच्या तीन एकराला दोन हंगाम धरून सात-आठ. माळाकडच्या अडीच एकराला उरलं तर."

उरलं तर. माझ्या डोळ्यांसमोर तो लालभडक नकाशा आला. विहिरीकडचं रान म्हणजे गोठ्याला लागून. उकिरडा तिथेच. कांदा तिथे, गाईंचा लसूणघास तिथे, मका तिथे. वर्षानुवर्षं शेणखतही तिथे आणि डीएपीही तिथे. माळाकडचं रान लांब, कोरडवाहू, हरभरा आणि बाजरी. बैलगाडी गेल्यापासून तिकडे शेणखत न्यायचं म्हणजे ट्रॅक्टरचं भाडं. आप्पा होते तोवर धनगरांच्या मेंढ्या त्या रानात बसवायचे, रात्रीला धान्य ठरवून. मेंढ्या दिवसभर गावच्या डोंगरावर चरायच्या आणि रात्री आमच्या रानात लेंड्या-मूत. व्हिक्टोरियातल्या गाई जे नको तिथे करतात तेच आप्पा हवं तिथे करून घेत होते. त्यांना फॉस्फरस हा शब्दही लिहिता आला नसता. आता मेंढ्या बसवणंही बंद झालं.

मी विचारलं, "माती तपासली आहेस का?" वहिनीने रेशनकार्डाच्या पिशवीतून मृदा आरोग्य पत्रिका काढली. ही योजना २०१५ची, बऱ्याच जणांकडे ते कार्ड असेल. पण एक लक्षात घ्या. त्यात बागायतीला अडीच हेक्टरांचा आणि कोरडवाहूला दहा हेक्टरांचा एक चौकोन धरून त्यातून एक नमुना घेत. म्हणजे दहा हेक्टरांत तुमचं अडीच एकर असेल, तर माती शेजाऱ्याची आणि कार्ड तुमचं, असंही होतं. आमच्या कार्डावर दोन्ही रानांना एकच आकडा होता.

म्हणून पुढच्या मे महिन्यात मी आठ दिवस रजा काढून गावी गेले. दादा, मी आणि दादाची मुलगी, तेव्हा नुकतीच याच शाळेतून दहावी झालेली. रानात नागमोडी चालत जायचं, ठिकठिकाणी इंग्रजी व्हीसारखा वीतभर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडायची. बांध, झाडाची सावली, उकिरड्याची जागा, पाटाची कड सोडायची. सगळी माती घमेल्यात कालवायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. विहिरीचं रान वेगळं, माळाचं वेगळं. भाचीने कापडी पिशव्यांवर चिठ्ठ्या बांधल्या. उन्हात दादा म्हणाला, "एवढं शिकून तू पण मातीच उकरतीयेस." मला ते बोलणं आवडलं होतं.

अहवाल आला. उपलब्ध स्फुरद विहिरीकडे हेक्टरी ३८ किलो, माळाकडे ८. आपल्याकडे ऑल्सेन पद्धतीने दहाच्या खाली म्हणजे कमी आणि पंचवीसच्या वर म्हणजे भरपूर. सामू दोन्हीकडे आठच्या वर, आणि माळाकडे मुक्त चुना जास्त.

इथे थोडं थांबून बाईंच्या विषयात शिरते. नत्राचं गणित सोपं असतं, दिलं, पिकाने घेतलं, उरलेलं वाहून किंवा उडून गेलं. स्फुरद उडत नाही आणि आपल्या भारी रानात फारसा झिरपतही नाही. तो अडकतो. आपल्या काळ्या चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम त्याला पकडतो आणि हळूहळू असा घट्ट करतो की मुळांना तो विरघळून मिळत नाही. कोकणातल्या तांबड्या आंबट मातीत हेच काम लोह आणि ॲल्युमिनियम करतात. तुमच्या रानात चुना किती आहे ते पाहायचं असेल तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब ढेकळावर टाका. फसफसलं की समजा. आठवीत आपण खडूवर हाच प्रयोग केला होता. म्हणून टाकलेल्या स्फुरदातला पहिल्या पिकाला मिळतो तो साधारण पंधरा-वीस टक्के. बाकीचा वाया गेला असं नाही. तो मुदत ठेवीत गेला. बचत खात्यात पैसे थोडे आणि मुदत ठेवीत ढीगभर, अशी जमिनीची अवस्था असते. आणि माती परीक्षणाचा आकडा बचत खातं किती भरलंय, एवढंच सांगतो. १९५४ साली ऑल्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडियम बायकार्बोनेटने, म्हणजे आपल्या खायच्या सोड्याच्याच द्रावणाने, तेवढाच भाग मातीतून काढायची युक्ती बसवली. ती अजून चालते, आपल्याकडेही आणि व्हिक्टोरियातही.

३८ म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मापात साधारण १७. तिथल्या कुरणांना १५च्या आसपास झालं की आणखी खत टाकून गवत फारसं वाढत नाही. जमीन वेगळी, पीक वेगळं, नमुन्याची खोलीही वेगळी, तेव्हा तसाच्या तसा आकडा उचलायचा नाही, हे मला माहीत होतं. पण अंदाज यायला पुरेसं होतं. विहिरीकडे यंदा डीएपी बंद. लागेल तेवढा नत्र युरियातून द्यायचा. शिवाय स्फुरद फार झाला की जस्त मिळेनासं होतं. तिथल्या मक्याच्या पानांवर पांढरट पट्टे पडायचे, ते याचंच लक्षण असावं. दादा ते पट्टे बघून आणखी एक पोतं डीएपी टाकत होता. त्याला दोष देत नाही, दुकानदार तेच सांगायचा.

आणि माळाकडच्या हरभऱ्याला, जिथे खरी गरज, तिथे पूर्ण मात्रा, तीही पेरून. फोकून नाही. स्फुरद जिथे पडतो तिथून मातीत काही मिलिमीटरच सरकतो. मुळालाच त्याच्याकडे जावं लागतं. वर फोकलेलं खत रब्बीत वरचा थर वाळला की तिथेच राहतं आणि मुळं ओल शोधत खाली जातात. दोन पेट्यांच्या पेरणीयंत्राने, एकीत बी आणि एकीत खत, बियाच्या दोन बोटं खाली आणि बाजूला पडलं पाहिजे. अगदी बियाला चिकटूनही नको, डीएपीतला अमोनिया कोंब जाळतो. आणि नत्रासारखे स्फुरदाचे हप्ते करू नका. पेरतानाच सगळा. महिन्याने वरून टाकलेला डीएपी म्हणजे युरियाच्या कामाला महागडं पोतं.

मी हिशोब मांडला, कोष्टक केलं, दादाला व्हॉट्सॲपवर पाठवलं. विहिरीकडे शून्य. माळाकडे हरभऱ्याला एकरी २० किलो डीएपी, म्हणजे अर्धं पोतंही नाही. मी वर लिहिलं, "बघ, किती वाचलं!" दादाने अंगठ्याचं चित्र पाठवलं.

संक्रांतीला मी गावी गेले. माळाकडच्या रानात उभी राहिले आणि पोटात गोळा आला. हरभरा खुरटा. फांद्या कमी, रंग निस्तेज. पाऊस कमी होता हे खरं, शेजाऱ्याचाही काही फार उंच नव्हता. पण आमच्याच रानात बांधाकडची चार तासं वेगळीच दिसत होती, चांगली टोपलीसारखी भरलेली. मी विचारलं, "इथे काय केलंस?" दादा खाली बघत म्हणाला, "चार तासं माझ्या मनाने पेरली. एकरी एक पोतं धरून. तुझ्यावर भरवसा नव्हता असं नाही. पण बघावं म्हटलं."

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला. दोन तास कोष्टक तपासलं. सूत्रं बरोबर. बेरजा बरोबर. शेजारी भाची, आता अकरावी सायन्सला, डीएपीच्या रिकाम्या पोत्यावर तीळ वाळत घालत होती. तिने पोत्यावरचा मजकूर वाचला आणि म्हणाली, "आत्या, तुझं ९ किलो फॉस्फरस आहे ना? इथे पी-टू-ओ-फाइव्ह ४६ टक्के लिहिलंय."

बाई, तुम्हाला कळलं. बाकीच्यांसाठी सांगते. पोत्यावर १८:४६ असतं त्यातला ४६ हा आकडा फॉस्फरसचा नाहीच. जुन्या काळचे रसायनशास्त्रज्ञ घटक ऑक्साइडच्या रूपात मोजत, ती पद्धत खताच्या व्यापारात चिकटून राहिली. पोत्यात पी-टू-ओ-फाइव्ह नावाचा पदार्थ औषधालाही नसतो. निव्वळ फॉस्फरस धरला तर डीएपीत तो २० टक्केच. ऑस्ट्रेलियात सगळा व्यवहार निव्वळ फॉस्फरसमध्ये चालतो, माझं कोष्टक त्यातूनच आलेलं. हरभऱ्याची आपली शिफारस हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद. हे ५० म्हणजे पी-टू-ओ-फाइव्ह. एकरी २० किलो. त्याचा निव्वळ फॉस्फरस होतो ९ किलोच्या जवळ. इथपर्यंत मी बरोबर होते. मग ९ ला भागलं ते ४६ टक्क्यांनी. आले २० किलो. भागायला हवं होतं २० टक्क्यांनी, म्हणजे ४५ किलो, जवळजवळ एक पोतं. दादाच्या मनातलं एक पोतं.

एक अंक सोडवताना उत्तराला एकक लिहिलं नाही म्हणून आपल्या बाई अर्धा गुण कापायच्या. माझा सहामाहीत असा अर्धा गुण गेला होता आणि त्यावरून मी दोन दिवस रडले होते, माझ्या बाकावरची मैत्रीण इथेच बसली आहे, ती साक्ष देईल. मी वाद घातला होता, "बाई, आकडा तर बरोबर आहे!" पोत्यावरचाही आकडा बरोबरच होता.

नुकसान किती? मळणीनंतर दादाने चार तासांवरून हिशोब केला. एकरी दोन क्विंटलचा फरक. अडीच एकराचे पाच क्विंटल, म्हणजे पंचवीस हजारांच्या वर. माझ्यामुळे डीएपीचे वाचले साधारण दहा हजार. मी पैसे पाठवले. दादाने दुसऱ्या दिवशी परत पाठवले आणि फोनवर म्हणाला, "मी एवढी वर्षं विहिरीकडे ओतत होतो, ते तुझेच पैसे होते. तू मागितलेस का कधी?" वहिनी मात्र आठ दिवस माझ्याशी तुटक बोलली, आणि तिचं बरोबर होतं. त्या हरभऱ्यावर भाचीच्या क्लासची फी होती.

एक गोष्ट मला एप्रिलमध्ये कळली. दादाने विहिरीकडच्या कांद्यातही चार वाफ्यांना गुपचूप डीएपी टाकलं होतं, तेही बघावं म्हणून. कांदा निघाला तेव्हा त्या वाफ्यांत आणि बाकीच्यांत काही फरक नव्हता. आमच्या व्यवसायात याला चाचणी म्हणतात आणि त्यासाठी वेगळी माणसं पगारावर ठेवतात. ऑस्ट्रेलियातले सल्लागारही शेतकऱ्याला सांगतात की एक पट्टा खताविना सोड आणि बघ. दादाला कुणी सांगितलं नव्हतं.

आता ग्रुपवर ज्यांनी प्रश्न विचारले होते त्यांची उत्तरं पटापट देते. डीएपी मिळालं नाही म्हणून हरभरा किंवा सोयाबीन थांबवू नका. एका डीएपीच्या पोत्यातला स्फुरद तीन पोती सुपरमधून मिळतो आणि नत्रासाठी वीस किलो युरिया. वाहतूक जास्त, पोती उचलायचा त्रास जास्त, पण सुपरमध्ये ११ टक्के गंधक फुकट येतं आणि कडधान्य-तेलबियांना ते हवंच असतं. सुपर शेणखतात कालवून दिलं तर चुन्याच्या तावडीत जरा उशिरा सापडतं. पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम चोळा, स्वस्त आहे. पण ते जिवाणू स्फुरद तयार करत नाहीत, मुदत ठेव थोडी मोडून देतात. जिथे ठेवच नाही तिथे ते काय मोडणार? आमच्या माळाच्या रानात त्यांच्या एकट्याच्या जिवावर मी बसणार नाही. झिंक सल्फेट डीएपीत मिसळून टाकू नका, दोघं एकमेकांना धरून बसतात. आणि पोत्यासोबत गळ्यात मारलेल्या बाटलीबद्दल मला विचारू नका, माझी जीभ घसरेल.

एकाने लिहिलं होतं की स्फुरद महाग का आणि टंचाई का. नत्र हवेतून काढता येतो, स्फुरद खडकातूनच खणावा लागतो. जगातल्या साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के एका मोरोक्कोकडे. आपल्याकडे राजस्थानात झामरकोट्राला खाण आहे, पण आपल्या भुकेपुढे ती थोडी; आपण खडक, आम्ल, तयार डीएपी सगळंच बाहेरून आणतो. पोतं १३५० रुपयांना मिळतं ते सरकार वरचा भार उचलतं म्हणून. ज्या माणसाने हा फॉस्फरस पहिल्यांदा वेगळा केला, तो हॅम्बुर्गचा हेनिग ब्रँड, १६६९ साली, त्याने तो मोरीवर फुकट जाणाऱ्या वस्तूतून काढला होता. मूत्रातून. सोनं करायला निघाला होता. मी पुण्यात मुठेच्या पुलावरून रोज जाते. उन्हाळ्यात पात्रभर जलपर्णी असते. तिला पोसणारा फॉस्फरस बराचसा आमच्या सांडपाण्यातला, आणि सांडपाण्यात तो आला तुमच्या ज्वारी-कांदा-हरभऱ्यातून. मोरोक्कोतून जहाजाने, बंदरातून ट्रकने, दादाच्या रानातून माझ्या ताटात, आणि तिथून मुठेत. हे गणित अजून कुणी नीट सोडवलेलं नाही. मीही नाही.

त्यानंतर दोन हंगाम झाले. माळाकडे आता सुपर पेरून देतो, पूर्ण मात्रा. विहिरीकडे दोन वर्षं डीएपीचा दाणा नाही, आणि यंदा मेमध्ये परत माती काढली तर ३८ चे ३५ झाले होते. मुदत ठेव मोडत मोडत बरीच वर्षं जाईल. ज्या दिवशी आकडा पंचविसाच्या खाली येईल त्या दिवशी पुन्हा थोडं थोडं सुरू करू. पहिल्या ट्रॉलीभर शेणखताला दादाने ट्रॅक्टर लावला आणि माळाकडे नेलं. धनगरांचाही शोध चालू आहे. ज्यांच्याकडे मेंढ्या असतील त्यांची ओळख असेल तर जेवताना मला सांगा. कोष्टक आता भाची तपासते. प्रत्येक रकान्यावर तिने एकक लिहायला लावलं आहे, आणि मी विसरले तर ती रकाना लाल करून परत पाठवते. बाई, हे तुमचंच चाललंय.

ज्यांना ते कोष्टक हवं आहे त्यांनी ग्रुपवर कळवा, मात्र आपल्या मातीचा अहवाल सोबत पाठवा. अहवालाशिवाय मी आकडा देणार नाही. आणि देईन त्या आकड्यावरही चार तासं आपल्या मनाने पेरा. दादाने यंदाही पेरली आहेत. कुठली, ते त्याने मला सांगितलेलं नाही.